शांपेनच्या सहा जत्रा आणि अनोळखी माणसाची उधारी

दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावात रोमनांनी बांधलेला लंबगोल दगडी अखाडा आजही उभा आहे. लांबी सुमारे १३६ मीटर. एके काळी तिथे झुंजी व्हायच्या. पश्चिमेची रोमन सत्ता ढासळल्यावर गावकऱ्यांनी त्याच्या कमानी बुजवल्या, वर बुरूज चढवले आणि आत राहायला गेले. पुढे तिथे २०० च्या आसपास घरं आणि दोन प्रार्थनामंदिरं दाटीवाटीने उभी राहिली. ती हटवली गेली थेट १९व्या शतकात. शहर आकसतं म्हणजे काय होतं, ते या एका उदाहरणावरून कळतं. खुद्द रोमची वस्ती दहा लाखांच्या घरातून काही दहा हजारांवर आली होती.

आणि १३०० साली? पॅरिसमध्ये सुमारे दोन लाख माणसं होती. व्हेनिस आणि फ्लोरेन्स लाखाच्या आसपास होते. हे कसं झालं याचं नेहमीचं उत्तर ‘व्यापार वाढला’ असं असतं. ते खरं आहे, पण त्याने उलगडा काहीच होत नाही. माल तयार आहे, गिऱ्हाईकही समोर उभं आहे, तरी सौदा अडतो, कारण दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. रोकड पुरेशी नाही, आणि उधार द्यावं तर वसुलीला जायचं कुठे? युरोपने १००० ते १३०० या काळात सगळ्यात जास्त डोकं चालवलं ते याच अडचणीवर. म्हणून राजेरजवाडे आणि धर्मयुद्धं जरा बाजूला ठेवून आपण उधारीचा माग काढू.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. व्यापार पूर्ण मेला होता असं कधीच झालं नाही. मीठ, लोखंड, जात्याचे दगड, वाइन यांची ने-आण चालूच होती. फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने ७९३-७९४ च्या सुमारास चांदीचं नाणं ठरवून दिलं: एक पौंड चांदीतून २४० देनिए पाडायचे, १२ देनिएंचा एक सू आणि २० सूंचा एक पौंड. पौंड आणि सू हे फक्त हिशेबाचे आकडे होते. हातात यायचा तो देनिएच. (ब्रिटनने हाच हिशेब १९७१ पर्यंत चालवला.) पश्चिम युरोपच्या बहुतेक भागांत सोन्याचं नाणं उरलं नव्हतं. त्यामुळे मोठा सौदा करायचा तर चांदीची पोती वाहावी लागत, आणि ९व्या-१०व्या शतकात उत्तरेकडून जहाजांतून येणारे नॉर्स लुटारू आणि पूर्वेकडून येणारे मॅग्यार (हंगेरियन) घोडेस्वार अशा पोत्यांच्या वासावर असत. १०व्या शतकाच्या मध्यानंतर हे हल्ले बरेच ओसरले.

आधी धान्य

शहरातला माणूस पेरत नाही. म्हणजे दुसऱ्या कुणीतरी स्वतःच्या पोटापेक्षा जास्त पिकवायला हवं. उत्तर युरोपातली जमीन भारी, चिकट आणि ओली. दक्षिणेतला हलका नांगर तिला नुसता ओरखडे काढी. चाकांचा जड नांगर आला, त्याला माती पलटणारी फळी होती, आणि ही जमीन लागवडीखाली आली. घोड्याच्या गळ्याऐवजी खांद्यावर भार टाकणारं जू आलं. पाणचक्क्या तर इतक्या पसरल्या की १०८६ च्या इंग्लंडच्या मोजणीत साडेपाच हजारांहून जास्त नोंदल्या गेल्या.

पण खरा फरक पिकांच्या पाळीत पडला. समजण्यापुरता हिशेब करू. गावाची ६० एकर जमीन आहे आणि एकरी एक पोतं बियाणं लागतं. जुन्या पद्धतीत निम्मी जमीन पडीक, म्हणजे पेरा ३० एकरांत. पेरल्याच्या चौपट आलं तर १२० पोती, त्यातली ३० पुढच्या पेरणीला बाजूला काढायची. उरली ९०. नव्या पद्धतीत जमिनीचे तीन भाग: एकात हिवाळी गहू किंवा राय, दुसऱ्यात वसंतात ओट, जव, वाटाणे, तिसरा पडीक. पेरा ४० एकरांत, उत्पन्न १६०, बियाणं वजा जाता १२० पोती. त्याच जमिनीतून तिसऱ्या हिश्श्याने जास्त. शिवाय ओटवर घोडा पोसला जाई आणि वाटाण्याने जमिनीचा कस टिकून राही.

याच हिशेबात धोकाही दिसतो. पाऊस बिघडला आणि चौपटऐवजी दुप्पटच आलं, तर ८० पोत्यांतून ४० बियाण्याला जाऊन हाती राहतात ४०. पीक निम्म्यावर आलं की खायचं धान्य तिसऱ्या हिश्श्यावर येतं. चर्चचा दहावा भाग आणि जमीनदाराचा वाटा यातूनच जायचा. हा आकडा लक्षात ठेवावा, शेवटी तो पुन्हा लागणार आहे.

पेठ वसवायची तर

मराठेशाहीत नवी पेठ वसवताना कौल देत, काही वर्षं जकात माफ करत, शेटे-महाजन नेमत. फ्रान्स आणि जर्मनीत १२व्या शतकात चाललेलं काम याच जातीचं होतं. राजा, सरदार किंवा बिशप सनद देई, कारण वेठबिगारीपेक्षा बाजाराच्या जकातीतून जास्त पैसा सुटतो हे त्यांना उमगलं होतं.

पॅरिसच्या दक्षिणेच्या लोरिस गावाची सनद फ्रान्सचा राजा सातवा लुई याने ११५५ मध्ये कायम केली. तिच्यातली कलमं फार नेमकी आहेत. घर आणि एक आर्पां (जमिनीचं जुनं फ्रेंच माप) जमीन यांचा वर्षाचा खंड ६ देनिए, बस्स. मनमानी पट्टी नाही. वेठ फक्त राजाची वाइन ऑर्लेआँला पोचवण्यापुरती, तीही ज्यांच्याकडे घोडा आणि गाडी आहे त्यांनाच. बाजाराला येणाऱ्या-जाणाऱ्याला, त्याने त्याच दिवशी गुन्हा केला नसेल तर, कुणी अडवायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम: गावात एक वर्ष आणि एक दिवस राहिला आणि मागे कुणी दावा लावला नाही, तर जमीनदाराला बांधलेला माणूसही मोकळा. जुना मालक त्याला ओढून नेऊ शकत नाही. ही सनद पुढे कितीतरी गावांनी जशीच्या तशी मागून घेतली.

सगळीकडे हे गोडीगुलाबीने झालं नाही. लाँ शहरात लोकांनी बिशप गोद्रीच्या लोकांना पैसे मोजून स्वतःच्या कारभाराचा हक्क विकत घेतला. बिशपने तो रद्द करवला, तेव्हा एप्रिल १११२ मध्ये उठाव झाला आणि तळघरात पिंपात लपलेल्या बिशपला ओढून ठार मारलं. विकत घेतलेला हक्क रद्द होणं लोक किती जिव्हारी लावून घेत, ते यातून कळतं.

एक तागा कापड

शांपेनच्या जत्रांत विकला जाणारा सगळ्यात मोलाचा माल म्हणजे फ्लँडर्सचं, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या बाजूचं, लोकरी कापड. ईप्र, गेंट, ब्रुज ही शहरं त्यावरच मोठी झाली. लोकर यायची इंग्लंडहून. ती निवडायची, धुवायची, लोणी चोपडून मऊ करायची, मग विंचरून किंवा पिंजून सूत काढायचं. १३व्या शतकात चरखा आला, पण जर्मनीतल्या श्पायर शहराच्या नियमांत चरख्याचं सूत बाण्याला चालेल, ताण्याला नाही, असं होतं. ताण्यावर मागाचा सगळा ताण पडतो आणि चरख्याचं सूत तेव्हा कच्चं निघे.

माग इतका रुंद की दोन विणकर शेजारी बसून धोटा एकमेकांकडे फेकत. मागावरून उतरलेलं कापड जाळीसारखं विरळ असे. ते हौदात टाकून, कोमट पाणी, खास माती आणि शिळं मूत्र घालून माणसं तीन ते पाच दिवस पायांनी तुडवत. मूत्रातल्या अमोनियाने आणि मातीने चरबी निघे, लोकरीचे तंतू एकमेकांत अडकत, आणि कापडाचं क्षेत्रफळ जवळपास निम्म्यावर येई. मग ते खुंट्यांच्या चौकटीवर ताणून वाळवत, काटेरी बोंडांनी लव उभी करत आणि हातभर मोठ्या कात्रीने ती एकसारखी कापत. रंग बसायला तुरटी लागे. चांगली तुरटी आशिया मायनरमधल्या फोकेआची, आणि १२७० च्या दशकापासून त्या खाणी जेनोआच्या बेनेदेत्तो झक्कारिया याच्या हाती होत्या.

फसवणूक कुठे व्हायची? बहुतेक वेळा ताणण्याच्या चौकटीवर. दोन हात जास्त ताणून विकलेलं कापड पहिल्या पावसात आखडे. म्हणून शहराचे तपासनीस लांबी-रुंदी मोजून तागा पास करत आणि शिशाची मोहोर लटकवत. मला वाटतं, या सगळ्या खटाटोपात ही शिशाची गोळी सगळ्यात महत्त्वाची आहे. इटलीतल्या लुक्काचा व्यापारी ईप्रच्या विणकराला जन्मात भेटणार नाही, पण ती मोहोर पाहून तागा न उलगडता घेऊ शकतो. खोटा माल निघालाच तर नाव जाणार अख्ख्या शहराचं, त्यामुळे दंडही शहरच करी.

सहा जत्रा

पॅरिसच्या पूर्वेला शांपेन हा काउंटचा, म्हणजे एका मोठ्या सरदाराचा, प्रांत. फ्लँडर्स आणि इटली यांच्या साधारण मधोमध. इथे वर्षाला सहा जत्रा भरत, प्रत्येक साधारण सहा आठवडे: जानेवारीत लान्यी, मग ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या काळात बार-स्युर-ओब, मे महिन्यात प्रोव्हँ, उन्हाळ्यात त्र्वाची ‘गरम’ जत्रा, सप्टेंबरपासून पुन्हा प्रोव्हँ, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्र्वाची ‘थंड’ जत्रा. म्हणजे जवळपास वर्षभर प्रांतात कुठे ना कुठे बाजार चालूच. एका जत्रेत उधार घेतलेलं पुढच्या अमुक जत्रेत चुकवीन, असं लिहून देता येई. कॅलेंडर हाच उधारीचा कणा होता.

जत्रेच्या आतही दिवस बांधलेले असत. पहिला आठवडा माल उतरवायला आणि दुकान मांडायला. त्यानंतर सुमारे दहा दिवस कापडविक्री. ती संपली की जत्रेचे शिपाई ‘आर! आर!’ अशी आरोळी ठोकत फिरत, की कापडाचे गाळे बंद. पुढे कमावलेलं चामडं, मग वजनावर विकायचा माल: मिरी, आलं, रंग, तुरटी, मेण. मिरी आपल्याकडच्या मलबार किनाऱ्याची, एडन, कैरो, अलेक्झांड्रिया असे हात बदलत इटालियन जहाजांतून आलेली. वजनांबाबत त्र्वा इतकं काटेकोर होतं की सोन्याचा जागतिक भाव आजही ज्या ट्रॉय औंसात निघतो (३१.१ ग्रॅम), त्याचं नाव या गावावरून पडलं असं बहुतेक मानतात.

शेवटचे दिवस मालाचे नसून हिशेबाचे. सराफ आपापलं बाक मांडून बसत. त्या बाकाला इटालियनमध्ये ‘बांको’ म्हणत, बँक हा शब्द तिथूनच आला. एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते. ईप्रवाल्याने जेनोआवाल्याला १०० पौंडांचं कापड दिलं. जेनोआवाल्याने कोलोनच्या माणसाला ८० पौंडांची मिरी दिली. कोलोनवाल्याने ईप्रवाल्याला ७० पौंडांचं मेण दिलं. एकूण देणं २५० पौंड, म्हणजे ६०,००० देनिए, साधारण ६० किलोंहून जास्त वजनाची नाणी. पण तिघांचे हिशेब एकत्र मांडले तर ईप्रवाल्याला ३० यायचे, जेनोआवाल्याने २० द्यायचे, कोलोनवाल्याने १०. तीस पौंड हलले की अडीचशेचा व्यवहार मिटला. चांदीची टंचाई अशी भरून निघाली.

आणि कुणी बुडवलं तर? जत्रेवर काउंटने नेमलेले रक्षक असत, त्यांच्याकडे कज्जे चालत आणि करारांवर जत्रेचा शिक्का बसे. पैसे बुडवून पळालेल्याच्या गावी रक्षकांचं पत्र जाई: याला धरा आणि वसुली करा. गावाने दुर्लक्ष केलं तर शेवटचं हत्यार निघे. त्या गावाच्या एकाही व्यापाऱ्याला जत्रेत प्रवेश नाही. एका दिवाळखोरापायी सगळ्यांचा धंदा बसणार, त्यामुळे त्याच्याच गावचे लोक त्याला शोधून काढत. निर्दोष माणूस भरडला जाई हा यातला उघड अन्याय, पण दूरच्या वसुलीला दुसरा उपाय त्या काळी नव्हता.

रस्त्याची जबाबदारीही काउंट घेत. ११४८ च्या सुमारास प्रोव्हँच्या जत्रेला निघालेल्या व्हेझलेच्या सराफांना साँसच्या व्हायकाउंटच्या मुलाने लुटलं. काउंट तिबोने राज्याचा कारभार पाहणाऱ्या मठाधिपती स्युजेला लिहिलं की याची भरपाई झालीच पाहिजे, नाहीतर माझ्या जत्रा बुडतील. लूट स्वतःच्या हद्दीबाहेरची असूनही तो गप्प बसला नाही. १२०९ मध्ये राजा फिलिप ऑगस्टसने शांपेनला जाणाऱ्या व्यापाऱ्यांना आपल्या मुलुखातही अभय दिलं.

भांडवल एकाचं, पाय दुसऱ्याचे

समुद्रावर अडचण वेगळी होती. पैसा असलेला म्हातारा व्यापारी घरी बसलेला, आणि जायला तयार असलेला तरुण कफल्लक. व्हेनिस आणि जेनोआ इथे यावर भागीदारीचा करार रुळला. त्याचे दोन प्रकार होते. पहिल्यात घरी बसणारा सगळं भांडवल देई आणि नफ्याचा तीन चतुर्थांश घेई: १०० पौंडांवर ४० नफा झाला तर ३० त्याचे, १० फिरणाऱ्याचे. दुसऱ्यात घरचा दोन तृतीयांश घाली, फिरणारा एक तृतीयांश, आणि नफा निम्मानिम्मा. शेतीच्या बटईसारखंच हे. कळीची गोष्ट नुकसानीची होती. जहाज बुडालं तर पैसा ज्याचा, नुकसान त्याचं. तरुण कर्जात अडकत नसे, म्हणून तो निघे. करार एका फेरीपुरता, परत आल्यावर हिशेब आणि मोकळे. जेनोआतला लेखनिक जोव्हान्नी स्क्रिबा याची ११५४ ते ११६४ ची नोंदवही शाबूत आहे. त्यातले असे करार वाचले की गावातली किती साधी माणसं आपली थोडीशी पुंजी जहाजावर लावत होती ते दिसतं.

कागदाने पैसा हलवणं

जेनोआतल्या माणसाला आज भांडवल हवंय, तो ते प्रोव्हँच्या जत्रेत फेडू शकेल. चर्चला व्याज मान्य नव्हतं, ११७९ च्या लॅटरन परिषदेने (चर्चच्या रोममधल्या धर्मसभेने) उघड सावकाराला धर्मबाह्य ठरवलं होतं. म्हणून व्याज नाण्यांच्या बदलाच्या दरात बसवलं जाई. समजा, जेनोआचे १६ दिनार (तिथले देनिए) म्हणजे प्रोव्हँचा एक सू असा चालू भाव आहे. सराफ १०० पौंड, म्हणजे २४,००० दिनार देतो. चालू भावाने परतफेड १,५०० सू. करारात मात्र १५ चा भाव लिहितात, मग फेडायचे १,६०० सू. कागदावर व्याजाचा शब्द नाही, पण सराफाला १०० सू सुटले. भाव मध्येच उलटा फिरला तर सराफाचा तोटाही होई, आणि ‘यात जोखीम आहे, म्हणून हे व्याज नव्हे’ असं धर्मपंडितांपुढे मांडता येई.

यातूनच पुढे विनिमयपत्र तयार झालं, आपल्या हुंडीचं जवळचं भावंडं. पैसे देणारा, घेऊन पत्र लिहिणारा, दूरच्या शहरात पैसे चुकवणारा आणि तिथे ते घेणारा, अशी चार माणसं. रोकड जागेवर, फक्त कागद आल्प्स ओलांडतो.

हे सगळे हिशेब रोमन आकड्यांत करणं जिकिरीचं. १२०२ मध्ये पिसाच्या लिओनार्दो फिबोनाचीने शून्यासह भारतीय अंक वापरून भावांचे, भागीदारीचे आणि नाणेबदलाचे हिशेब सोडवून दाखवले. तो ते उत्तर आफ्रिकेतल्या बुजिया बंदरात शिकला होता. तरीही १२९९ मध्ये फ्लोरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबवहीत हे अंक वापरायला बंदी केली. रक्कम अक्षरांत लिहिली की तिच्यात खाडाखोड करणं अवघड जातं, शून्याचा सहा किंवा नऊ करायला मात्र एक रेघ पुरते. आपण चेकवर रक्कम अक्षरी लिहितो ती याच धास्तीने.

जत्रा का मोडल्या

१२७७ मध्ये जेनोआची जहाजं जिब्राल्टरला वळसा घालून थेट फ्लँडर्सला पोचली. पुढे व्हेनिसनेही नियमित फेऱ्या सुरू केल्या. लोकर आणि तुरटीसारखा जड माल डोंगरातून खेचरांवर आणण्यापेक्षा जहाजाने स्वस्त पडे. त्याच सुमारास मोठ्या इटालियन पेढ्यांनी स्वतः फिरणं सोडून ब्रुज, पॅरिस, लंडनला गुमास्ते ठेवले. मालक घरी बसून पत्रांवर धंदा करू लागला, मग सहा आठवडे एका जागी जमायची गरजच उरली नाही. १२८५ मध्ये शांपेन फ्रान्सच्या राजाकडे गेलं. चौथ्या फिलिपने १२९५ पासून नाण्यातली चांदी कमी केली आणि फ्लँडर्सशी युद्ध मांडलं. सहा महिन्यांनी मिळणाऱ्या देनिएत किती चांदी असेल हेच सांगता येईना, तेव्हा जत्रेच्या वायद्यावर उधार कोण देणार?

१३१५ पासून युरोपच्या उत्तर भागात दोन-तीन वर्षं पाऊस थांबेना. बियाणं कुजलं, समुद्राच्या पाण्यापासून मीठ वाळेना, जनावरं मेली. शेतातलं पीक निम्म्यावर आलं की शहरात येणारं धान्य किती उरतं, ते वरच्या हिशेबात आपण पाहिलंच आहे. ईप्र शहराच्या दप्तरात १३१६ च्या मे ते ऑक्टोबर या काळात शहराच्या खर्चाने पुरलेल्या मृतांची नोंद आहे: २,७९४, वस्तीच्या सुमारे दहावा हिस्सा. ब्रुजमध्ये त्याच काळात १,९३८ गेले, वस्ती जास्त असून. ब्रुजला बंदर होतं. तिथल्या कारभाऱ्यांनी दक्षिणेच्या व्यापाऱ्यांकडून धान्य विकत घेतलं आणि आलेल्या किमतीला शहरातल्या पाववाल्यांना दिलं.